आरसा घेताना आधी त्याची पाठ बघा

वाचकाचं पत्र :

‘कोथरूडला नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर राहायला आलो आहोत. हॉल लांबट आहे आणि उजेड एकाच खिडकीतून येतो, म्हणून भिंतीवर एक मोठा, जुना आरसा लावायचं ठरवलंय. तीन आरसे नजरेत आहेत. पहिला मुंबईच्या चोर बाजारातला. काच अडीच बाय चार फुटांची, चौकट सोनेरी नक्षीची, काचेवर बरेच डाग. दुकानदार म्हणतो, “दीडशे वर्षांचा बेल्जियम आरसा आहे.” दुसरा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातला. जाड सागवानी चौकट, काच लखलखीत. तिसरा राजापूरजवळच्या माझ्या माहेरचा, आजीच्या ड्रेसिंग टेबलाचा. आजोबांनी तो १९४०च्या सुमारास मुंबईहून आणला होता. तीन बाय दोन फुटांचा, कोपरे कापलेले, दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी काचेच्या पट्ट्या. पण खालून काळा पडलाय. यातला कुठला घ्यावा? डाग पडलेल्या आरशाला पुन्हा पारा लावून घ्यावा का? सासूबाई म्हणतात, डागाळलेला आरसा घरात नको. शिवाय धाकट्या बहिणीला दुबईत असाच एक हवाय. चोर बाजारातला तिला पाठवता येईल का?’
– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, नमस्कार.

तिन्ही आरशांचं वर्णन तुम्ही नीट केलंय, पण ते सगळं समोरून पाहिलेलं आहे. पाठीबद्दल पत्रात एक शब्द नाही. जुन्या आरशाचं वय, त्याची आजची तब्येत आणि तो पुढे किती टिकेल, हे पाठीवरूनच कळतं. समोरची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, पाठ सजवायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हणून चोर बाजारात पुन्हा जाल तेव्हा (मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात) आरसा भिंतीवरून उतरवून घ्या, एक चांगली विजेरी, पांढरा कागद आणि मोजपट्टी बरोबर न्या, आणि दुकानदाराला मागची फळी काढायला सांगा. तो तयार नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो आरसा सोडून द्या.

फळी निघाली की सर्वांत आधी पाहायचं, की काचेमागचा थर पाऱ्याचा आहे की चांदीचा. ‘आरशाचा पारा उडाला’ असं आपण आजही म्हणतो. एके काळी ते अक्षरशः खरं होतं. सोळाव्या शतकापासून व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आणि नंतर युरोपभर आरसे करायची रीत अशी होती : सपाट फरशीवर कथलाचा पातळ वर्ख पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच अलगद सरकवत आणायची आणि वजनं ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. उरलेला कथील-पाऱ्याचा मिश्रधातू काचेला धरून बसायचा. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवर चांदीचा थर चढवायची रासायनिक कृती शोधली. पुढच्या काही दशकांत ती कारखान्यांत रुळली आणि १९००च्या सुमारास पाऱ्याचे आरसे बनणं जवळपास थांबलं. म्हणजे आरसा खरोखर दीडशे वर्षांचा असेल, तर त्याची पाठ दोन्हींपैकी कुठलीही असू शकते. दोन्हींचे आजार वेगळे आणि पथ्यही वेगळं.

चांदीच्या थरावर संरक्षणासाठी रंगाचा हात असतो, बहुधा विटकरी, काळा किंवा करडा. पाऱ्याच्या पाठीवर रंग नसतो. तिथे उघडा धातूच दिसतो, मंद राखाडी. समोरूनही फरक कळतो. पांढरा कागद काचेसमोर धरा आणि त्याचं प्रतिबिंब हातातल्या कागदाशी ताडून बघा. पाऱ्याच्या आरशात कागद किंचित निळसर-करडा दिसतो, चांदीच्या आरशात जरा उबदार, पिवळसर. डागही सारखे नसतात. चांदीला हवेतला गंधक लागला की ती काळवंडते. देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात, तसंच. त्यामुळे चांदीच्या आरशावर काळे-तपकिरी डाग येतात आणि ते कडेकडून आत सरकतात. पाऱ्याचा थर काळा पडत नाही, करडा आणि अंध होत जातो. विजेरी तिरपी धरली की त्यात अभ्रकासारखे कण लुकलुकतात.

पाऱ्याचा निघाला, तर तिथेच हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. पारा सोन्याला क्षणात धरतो आणि दागिना पांढरा पडतो. मग चौकटीच्या खालच्या खाचेत विजेरी मारून बघा. या मिश्रधातूतला पाऱ्याचा पातळ अंश वर्षानुवर्षं खाली झिरपत येतो आणि कधी कधी खाचेत बारीक चकाकते थेंब साठलेले असतात. थेंब दिसले, तर तो आरसा तुमच्या घरासाठी नाही, असं आम्ही स्पष्ट सांगू. थेंब नसतील, थर घट्ट असेल आणि आरसा हवेशीर हॉलमध्ये न हलवता टांगलेला राहणार असेल, तर फारशी काळजी नको. धोका आहे तो थर खरडण्यात, घासण्यात आणि तापवण्यात. असा आरसा लहान मुलांच्या किंवा झोपायच्या खोलीत लावू नका, पॉलिशवाल्याकडे पाठवू नका, आणि नेताना-ठेवताना त्याची वरची बाजू नेहमी वरच ठेवा. आडवा किंवा उलटा केला, की खाली साठलेला पातळ पारा चांगल्या भागाकडे सरकतो. घरी कधी थेंब सांडलेच, तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्यानं पारा बारीक होऊन पसरतो. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकलून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा आणि ती बाटली घातक कचऱ्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती जाता कामा नये.

आता ‘दीडशे वर्षं’ आणि ‘बेल्जियम’ या दोन शब्दांकडे येऊ. बेल्जियम एकोणिसाव्या शतकात काचेचा मोठा निर्यातदार होता आणि तिथले आरसे मुंबईच्या बंगल्यांपासून तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या चेट्टियार व्यापाऱ्यांच्या वाड्यांपर्यंत पोचले, हे खरं. पण बाजारात आज जाड, स्वच्छ आणि कडेला उतार दिलेल्या कुठल्याही काचेला ‘बेल्जियम’ म्हणतात. नुसत्या नजरेनं काच कुठल्या देशातली, हे सांगता येत नाही. पाठीवर कारखान्याचं किंवा विक्रेत्याचं जुनं लेबल असेल तर त्या शब्दाला वजन आहे, नसेल तर त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

काच हलवल्यावर प्रतिबिंब लाटांसारखं थरथरतं, म्हणजे काच शंभर वर्षांची, हाही मोठा गैरसमज आहे. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब बघत मान डावी-उजवीकडे हलवा. गज वाकडे-तिकडे पोहताना दिसले, तर एवढंच कळतं की ती फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली काच, नव्हे. फ्लोट पद्धत १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये शोधली गेली आणि भारतात ती काच सर्रास मिळू लागली ती १९९०च्या दशकात. तोवर इथली साधी काच खेचून काढलेली असायची, लाटा असलेलीच. त्यामुळे १९७५चा आरसाही छान थरथरतो. उलट, एकोणिसाव्या शतकातल्या भारी आरशांची काच घासून-पॉलिश करून सपाट केलेली असे, ती मुळीच थरथरत नाही. जाडीचंही तेच. काचेला पेनाचं टोक टेकवून टोक आणि प्रतिबिंब यांतलं अंतर पाहायची युक्ती सगळे सांगतात. त्यातून काच पातळ आहे की जाड, एवढं कळतं. जुन्या काळी दोन्ही होत्या.

यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे कडेचा उतार, म्हणजे बेव्हल. हाताने घासलेला जुना बेव्हल इतका मंद असतो की डोळे मिटून अंगठा फिरवला तर तो कुठे सुरू होतो ते नीट लागत नाही, आणि त्याची रुंदी चारी बाजूंना मोजली तर कुठे एक-दोन मिलिमीटर कमी, कुठे जास्त भरते. यंत्राचा बेव्हल अंगठ्याला धारेसारखा लागतो, रुंदी चारी बाजूंना अगदी सारखी. तुम्ही मोजपट्टी न्यायची ती यासाठी.

मग स्क्रू आणि खिळे बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू बाजारात आला तोच १९३०च्या दशकात. तो दिसला म्हणजे आरसा त्यानंतर एकदा तरी उघडला गेलाय. त्यात वाईट काही नाही, पण ‘कधी हात लागलेला नाही’ हे बोलणं तिथे संपतं. मागे प्लायवूड असेल तर फळी बदललेली आहे. जुनी फळी पट्ट्या जोडून केलेली असते, तिच्यावर रंध्याचे उथळ, असमान पट्टे बोटांना जाणवतात, आणि उजेड-धूळ लागलेला भाग गडद तर झाकलेला भाग फिका असतो. फळीमागे जुन्या वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला असेल, तर फोटो काढून ठेवा. त्यावरची तारीख फक्त ‘हा कागद त्याआधी लागलेला नाही’ इतकंच सांगते, दुकानदार काहीही म्हणो.

आणि आता तुम्हाला सतावणारे डाग. खऱ्या डागांना कारण असतं. ओल खाली साठते म्हणून खालची कड आधी जाते. फळीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून हवा लागते म्हणून काचेवर नेमक्या त्या रेषेत डाग उमटतो. फळी काढल्यावर ती पुन्हा काचेमागे धरा आणि फटी डागांशी जुळतात का ते बघा. जुळल्या, तर काच आणि फळी बरीच वर्षं एकमेकांच्या सोबतीनं राहिलेली आहेत; असा पुरावा कागदोपत्री मिळत नाही. आजकाल आम्लानं मुद्दाम जुनी केलेली काच सर्रास मिळते. तिच्यावर डाग सगळीकडे सारखे शिंपडलेले असतात, मधोमधही तितकेच, आणि पाठीवरचा रंग नवाकोरा असतो.

डाग जुने असले तरी ते थांबलेले आहेत की अजून पसरताहेत, हे पाहावं लागतं. पाठीवरच्या रंगाचे पापुद्रे सुटून वर वळले असतील आणि मऊ ब्रश नुसता टेकवताच गळत असतील, तर आरसा अजून झिजतोय. रंग घट्ट असेल, तर डाग भिववणारे नाहीत. हॉलमधल्या शोभेच्या आरशात कडेकडची जागा डागाळलेली असली तरी बिघडत नाही, चेहऱ्याच्या उंचीवरचा मधला भाग स्वच्छ हवा. रोज भांग पाडायला मात्र असा आरसा घेऊ नये, चार दिवसांत त्रास होईल.

चौकटीचा सोनेरी रंग कसला आहे, तेही बघा, कारण या आरशाची निम्म्याहून जास्त किंमत तिथेच असते. खऱ्या सोन्याच्या वर्खाला वर्खाचे चौकोन एकमेकांवर चढल्याच्या पुसट रेषा असतात, आणि उंचवट्यांवर तो झिजला की खालून गेरूसारखी तांबडी माती डोकावते. पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग खोबणींमध्ये तपकिरी किंवा हिरवट पडतो. नक्षी कोरीव नसून साच्यातली असेल तर नाराज होऊ नका. खडू, सरस आणि राळ यांच्या लगद्याची साच्यातली नक्षी युरोपात अठराव्या शतकापासून चालत आली आहे. ती वाळून आकसते, म्हणून तिला ठरावीक अंतरावर आडव्या बारीक भेगा असतात. आजच्या रेझिनच्या नक्षीला अशा भेगा पडत नाहीत, नखानं टिचकी मारली की प्लॅस्टिकचा आवाज येतो आणि उचलायला ती फारच हलकी असते. लाकडाला बारीक भोकं असतील, तर चौकट काळ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका. फिकट, ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, आणि ती तुमच्या घरातल्या बाकीच्या फर्निचरकडे वळायला वेळ लागणार नाही.

पुन्हा पारा लावून घ्यावा का? आमचं उत्तर ‘नाही’. आज ‘पारा लावून देतो’ म्हणणारा कारागीर जुना थर आम्लानं धुऊन काढतो आणि चांदी चढवतो. पाऱ्याचा मूळ थर एकदा गेला की परत येत नाही, आरशाचं जुनेपण आणि किंमत त्याबरोबर जाते, शिवाय धुण्याच्या त्या पाण्यातून पारा गटारात जातो. स्वच्छ प्रतिबिंब हवंच असेल, तर मूळ काच काढून, कापडात गुंडाळून, उभी जपून ठेवा आणि चौकटीत ४ मिलिमीटरची नवी काच बसवा. उद्या विचार बदलला तर जुनी परत लावता येते. नवी काच खाचेपेक्षा चारी बाजूंना २-३ मिलिमीटर लहान कापून घ्या. कोकणातल्या दमट हवेतलं किंवा मुंबईचं लाकूड पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं आणि काच घट्ट बसलेली असेल तर तिला कोपऱ्यातून तडा जातो. कुठे सिलिकॉन लावावं लागलंच तर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन चांदीचा थर खातं आणि सहा महिन्यांत आरशाच्या कडेला काळी झालर दिसते.

सासूबाईंचा मान राखूनच सांगतो : जुनी माणसं घरात नको म्हणतात तो तडा गेलेला, फुटका आरसा, आणि ते अगदी योग्य आहे. तडा गेलेली मोठी काच स्वतःच्याच वजनानं किंवा दार आपटल्याच्या हादऱ्यानं निखळते. त्यामुळे आरशाच्या चारी कडांवरून नख फिरवून पाहा, चौकटीखाली लपलेला तडा असेल तर घेऊ नका. काळपटलेली चांदी म्हणजे फूट नव्हे. निरांजन काळं पडलं म्हणून आपण ते टाकत नाही, हे त्यांना पटेल असं वाटतं.

दुबईचा विचार मात्र सोडून द्या. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलात्मक किंवा ऐतिहासिक मोल असलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तू विकणाऱ्याकडेही परवाना लागतो. दुकानदाराचं ‘दीडशे वर्षं’ खरं असेल तर आरसा विमानतळावर अडकेल. खोटं असेल तर तुम्ही त्याचे जादा पैसे का द्यायचे? विकत घेणार असाल तर वय, काचेच्या थराचा प्रकार आणि चौकटीचं लाकूड बिलावर लिहून मागा. तोंडी दीडशे सांगणारे बिलावर काय लिहितात, ते बघण्यासारखं असतं. बहिणीला १९४०-५० चा आरसा घेऊन द्या, आणि तो शंभर वर्षांच्या आतला असल्याचं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधी काढून घ्या.

ओशिवऱ्याचा आरसा ही वेगळी जात आहे. तिथल्या बऱ्याच चौकटी जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांच्या सागवानातून केलेल्या असतात आणि काच नवी. वाईट मुळीच नाही, पन्नास वर्षं मुरलेलं सागवान हलत नाही. बुजवलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा आणि कोपऱ्यातले ताजे, फिकट काप शोधा. ते दिसले की ‘जुन्या लाकडाचा नवा आरसा’ म्हणून भाव करा. लाकडावर जुन्या ऑइलपेंटचे थर ठेवलेले असतील, तर ते घरी कोरडे घासायला बसू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. तुम्हाला केवळ उजेडच हवा असेल, तर तिघांत हाच जास्त उजेड देईल.

तरी आमचं मत तुमच्या आजीच्या आरशाला आहे. त्याचं वय दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून नाही. १९४०च्या मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींबरोबर जी आर्ट डेको शैली घराघरांत शिरली, तिची कापलेले कोपरे आणि गुलाबी काच ही पक्की ओळख आहे. पट्टीची कड उजेडात धरून बघा. कडेलाही गुलाबी छटा दिसली तर रंग काचेच्या अंगातच आहे. तशीच छटा आज जुळवून मिळणं फार अवघड आहे, म्हणून या पट्ट्या कुणालाही ‘बदलून देतो’ म्हणू देऊ नका. आणि तो चांदीचा असणार, म्हणजे पाऱ्याची चिंता नाही.

खालचा काळा भाग आहे तसाच ठेवा, निदान वर्षभर. हॉलमध्ये हा आरसा बुटक्या कपाटाच्या किंवा टेबलाच्या वर लावा. दोन्हींमध्ये सहा-आठ इंच सोडा, आरशाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर येऊ द्या. पुढ्यात पुस्तकांची चळत, पितळी तांब्या असं काही आलं की काळी पट्टी नजरेत येत नाही. खिडकीच्या बरोबर समोर मात्र लावू नका. डोळ्यावर तिरीप येते आणि आपण स्वतः त्यात सावलीसारखे दिसतो. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर, खिडकीपासून तीन-चार फुटांवर लावा, म्हणजे बाजूनं येणारा उजेड लांबट हॉलच्या आतल्या टोकाकडे फेकला जाईल.

भिंत हा तुमच्या घरातला सगळ्यांत नाजूक मुद्दा आहे. काचेचं वजन काढायला सोपा हिशोब : एक चौरस मीटर काच, जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. चोर बाजारातली अडीच बाय चार फुटांची काच ५ मिलिमीटर धरली तर साडेअकरा किलो, चार इंच रुंद चौकट सागवानी धरली तर आठ-साडेआठ, मागची फळी चार-पाच. म्हणजे जवळपास पंचवीस किलो. आजीचा आरसा ६ मिलिमीटर धरूनही काच साडेआठच्या आत, पाठफळीसह बारा. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा खिळा किंवा वीट-भिंतीचा प्लग आज घट्ट वाटतो आणि पाच-सहा महिन्यांनी हळूच बाहेर येतो. एएसीसाठीचेच नायलॉन प्लग आणा, ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवून भोक पाडा, आणि सगळ्या प्लगांची मिळून क्षमता आरशाच्या वजनाच्या चौपट भरेल असे निवडा. भिंत विटांची असेल तर आतलं प्लास्टरच १२-१५ मिलिमीटर असतं. त्याच्या पलीकडे विटेत निदान ५० मिलिमीटर गेलं तरच ते धरतं.

एकाच खिळ्यावर तार अडकवून आरसा टांगू नका. तार जितकी आडवी ताणाल, तितका ताण वाढतो. तार आडव्या रेषेशी ३० अंशाचा कोन करत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर आरशाचं पूर्ण वजन येतं, निम्मं नव्हे. त्यापेक्षा पाऊण इंची लाकडाची पट्टी ४५ अंशात उभी चिरून दोन तुकडे करा. एक भिंतीवर धार वर ठेवून, दुसरा आरशाच्या पाठीवर धार खाली ठेवून बसवा. आरसा वरून सरकवला की एकात एक अडकतो. पाठीवरची पट्टी चौकटीच्या उभ्या लाकडांना स्क्रू करा, वरच्या आडव्याला नाही. जुना सरस वाळलेला असतो आणि वजन वर आलं की कोपऱ्याचे सांधे उघडतात. आजीच्या आरशाला चौकट नाही, म्हणून त्याला मागून नवी फळी आणि खालून कापड लावलेले तीन एल-आकाराचे आधार द्या. वजन आधारांनी पेलायचं, पट्टीनं फक्त भिंतीशी धरायचं. गुलाबी पट्ट्यांचे स्क्रू हातानेच आवळा, धातू आणि काच यांच्यामध्ये रबरी चकती हवीच. नवी फळी थराला टेकू देऊ नका. प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते. मध्ये फ्रेमवाल्याकडे मिळणारा आम्लरहित माउंटबोर्ड आणि ३-५ मिलिमीटरची फट ठेवा. भिंतीशीही बोटभर जागा सोडा. बाहेरच्या, पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर हा आरसा लावूच नका.

आणायचा कसा? राजापूरला सुताराला बोलावून ड्रेसिंग टेबलाचे आरसा धरणारे खांब सोडवून घ्या. प्रत्येक स्क्रू कुठला, ते कागदावर लिहून पुडीत बांधा. ड्रेसिंग टेबल तसंच जपून ठेवा, उद्या कोणीतरी आरसा परत बसवेल. काचेवर फुलीसारखा मास्किंग टेप लावा. त्यानं काच फुटायची थांबत नाही, फुटलीच तर तुकडे पसरत नाहीत. सुटी काच नेहमी उभी न्यायची, आडवी ठेवली की घाटातल्या खड्ड्यांत तिच्या मध्यावर सगळा झोल येतो. खाली गादी, दोन्ही बाजूंना रजई, आणि गाडीच्या धावण्याच्या दिशेला समांतर. पावसाळ्यात आणू नका. गणपतीला जाल तेव्हा मापं आणि पाठीचे फोटो घेऊन या, आरसा दिवाळीनंतर आणा.

पुसायला कोरडं, मऊ सुती कापड पुरतं. हट्टी डाग असेल तर कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि कडेची दोन सेंटिमीटर जागा सोडून पुसा. दिवाळीच्या साफसफाईत कोणी निळं लिक्विड थेट काचेवर फवारलं, की ते खाली ओघळून खाचेत साठतं आणि चांदी कडेकडून उठू लागते. तुमच्या आजीचा आरसा खालूनच काळा पडण्यामागे ओलीबरोबर रोजच्या ओल्या फडक्याचाही हात असेल. राख, रांगोळी, लिंबू यांतलं काही नको.

लावल्या दिवशी काळ्या भागाच्या कडेला मोजपट्टी धरून तारखेसह एक फोटो काढा. पुढचा पावसाळा संपला, की तीच मोजपट्टी तिथेच धरून दुसरा. काळी रेष ५ मिलिमीटरहून जास्त वर सरकली असेल, तर दोन्ही फोटो आणि पाठीचा एक फोटो आम्हाला पाठवा. मग मधली काच जपून ठेवून नवी बसवायची की पाठ झाकायची पद्धत बदलायची, ते ठरवू.